बेट दिसेपर्यंत

आमचं घर कुडपणच्या पठारावर. हिवाळ्यात हवा स्वच्छ असली की सगळ्या डोंगरांच्या पलीकडे, पश्चिमेला, एक चकाकती रेघ दिसायची. वडील म्हणायचे, "त्यो दर्या." याहून जास्त माहिती आमच्या घरात कुणाला नव्हती. मी बावीस वर्षांचा झालो, महाडला राहून मॅट्रिक झालो, एका वकिलांकडे लेखनिकाचं काम करू लागलो, तरी ती रेघ जवळून पाहायला कधी गेलो नव्हतो. पोहायलाही येत नव्हतं.

स्वातंत्र्य मिळून आठ-नऊ वर्षं झाली असतील. महाडात माझे दोन जिवाभावाचे मित्र होते. एकाच्या वडिलांची कौलांची वखार होती. दर हिवाळ्यात त्यांचं गलबत मंगळूरला जाई आणि कौलं भरून परत येई. दुसरा एका डॉक्टरांकडे कंपाउंडर होता, त्याला आम्ही कंपाउंडरच म्हणायचो. त्या वर्षी वखारवाल्याच्या वडिलांना दम्यानं उठू दिलं नाही. गलबताबरोबर त्यालाच जावं लागणार होतं, आणि एकट्यानं जायला तो तयार नव्हता.

"महिन्याभराची तर गोष्ट आहे," तो म्हणाला. "इथे थंडीत कुडकुडत बसण्यापेक्षा चला की."

वकिलांनी रजा दिली. घरी मी फक्त एवढंच कळवलं की कामासाठी बाहेरगावी जातोय. आईला खरं सांगितलं असतं तर तिनं अन्न सोडलं असतं.

दासगावहून होडीनं खाडी उतरून आम्ही बाणकोटला गलबतावर चढलो. तांडेल साठीच्या पुढचा, बारीक अंगाचा, कमी बोलणारा माणूस होता. त्याच्या हाताखाली चार खलाशी होते. सुकाणूवर बसणारा खलाशी सगळ्यांत जुना, तांडेलबरोबर वीस वर्षं काढलेला. तांडेल त्याच्या शेजारी मांडी घालून बसायचा आणि मधूनमधून एखादा शब्द बोलायचा. तेवढ्यावर गलबत चालायचं.

पहिले दोन दिवस कंपाउंडर ओकत पडून होता. त्याच्या पेटीतल्या गोळ्यांचा त्यालाच उपयोग झाला नाही. मला उलटी झाली नाही, पण भीती जाईना. मी डोलकाठीला पाठ लावून बसायचो आणि डाव्या हाताचा किनारा बघत राहायचो. डोंगर दिसतात तोवर आपण फार लांब गेलेलो नाही, अशी मनाची समजूत घालायचो. मंगळूरला पाय जमिनीला लागले तेव्हा वाटलं, अर्धं संकट संपलं.

तिथे कळलं की कौलांची भट्टी मागे पडली आहे, माल मिळायला पंधरा दिवस लागतील. त्याच वेळी भर अरबी समुद्रातल्या अमिनदिवी बेटांवर तांदूळ पोचवायला गलबतं कमी पडत होती. सरकारी कचेरीतून परवानगीचा कागद मिळत होता. वखारवाल्याचे डोळे चमकले. रिकामं बसण्यापेक्षा बेटं बघून येऊ, असं त्याला झालं.

"तांडेलमामा, तुम्ही गेला आहात ना तिकडे?"

"जवान होतो तवा. चार-पाच येळा."

"मग जायचं?"

तांडेल हातातली दोरी गुंडाळत राहिला. मग म्हणाला, "जाऊ."

मी नको म्हणायला हवं होतं. दोघांसमोर भित्रा ठरायची लाज वाटली, म्हणून गप्प राहिलो.

निघालो त्या दिवशी दुपारनंतर किनारा बुडाला. मी मागे बघत होतो, आणि एका क्षणी मागे बघायला काही उरलं नाही. चारी बाजूंना सारखंच पाणी. खलाशी होकायंत्राच्या काट्यावर नैर्ऋत्येला चालले होते. तेवढ्यात तांडेलनं मला जवळ बोलावलं.

"पाव्हणे, तुमी डोंगरातलं. नजर लांबची असंल. पान्याचा रंग कसा हाय तो सांगा."

मला वाटलं, भेदरलेल्या माणसाचं मन रमवतोय. मी सांगितलं, काळसर निळा. तो म्हणाला, बरं. थोड्या वेळानं ढग कुठे आहेत ते विचारलं, मग पक्षी आहेत का ते. मला बरं वाटू लागलं होतं. लहानपणी समोरच्या उतारावर चरणारी गाय कुणाची, ते मी दरीच्या अलीकडून सांगायचो. इथे ती नजर कुणाच्या तरी कामी येत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी उत्तरेला एक शीड दिसलं. मैल-दोन मैलांवर, उन्हात पांढरंशुभ्र. तांडेलचं तोंड अगदी त्याच दिशेला होतं. मी ते दाखवलं नाही, तो आपणहून काय म्हणतो याची वाट बघत राहिलो. ते शीड हळूहळू सरकत गेलं आणि दिसेनासं झालं. दुपारी जेवताना तो वखारवाल्याला म्हणाला, "आज कुनाचंच गलबत दिसलं नाय."

सकाळचं शीड त्याला दिसलंच नव्हतं.

जेवण झाल्यावर मी त्याच्याजवळ जाऊन बसलो. सुकाणूवरचा खलाशी होताच, पण त्याचं लक्ष शिडाकडे होतं. मी हलक्या आवाजात विचारलं, "मामा, तुम्हाला किती दिसतं?"

त्यानं नाकारलं नाही. "तुमी बसलाय ते दिसतं. तोंड नाय दिसत."

"कधीपासून?"

"दोन वर्सं. माझ्या बापाचं असंच झालं, मग पार अंधार." पुढे तो म्हणाला, "काठाकाठानं जायाला डोळं लागत नायत. वारा कळतो, लाटंचा आवाज कळतो. हितं बेट हातभर उंचीचं. माडाचं शेंडं दिसलं तर दिसलं. बाजूनं निघून गेलो तर पुढं नुसतं पानी."

"मग हो कशाला म्हणालात?"

"नाय म्हटलं असतं तर का नाय, ते सांगावं लागलं असतं."

तो म्हणाला, "पोरांना बोलू नका. हात-पाय गाळतील." मी कबूल केलं. का केलं, ते आजही नीट सांगता येत नाही. त्याच्या आवाजात विनवणी नव्हती. विनवणी असती तर कदाचित मी वखारवाल्याकडे गेलो असतो.

त्याच संध्याकाळी वारा पडला. शीड चिंधीसारखं लोंबलं. पाणी तेलासारखं सपाट झालं, आणि गलबत जागच्या जागी डुलू लागलं. दोन दिवस असेच गेले. पौष महिना, पण ऊन वैशाखासारखं. वखारवाला आणि कंपाउंडर पत्ते खेळत होते, एकमेकांना चिडवत होते. मी त्यांच्यात बसायचो आणि माझी पानं उलटी पकडायचो. प्रवाह आपल्याला किती ओढून नेतोय आणि कुठे, हे होकायंत्र सांगत नाही, असं तांडेलनं मला सांगून ठेवलं होतं. तळ बघायला दोरी सोडली तर शंभर हात जाऊनही लागत नव्हता. गोड्या पाण्याचं एक पिंप संपलं, दुसरं उघडलं. तिसरं नव्हतं.

निघाल्यापासून चौथ्या दिवशी दुपारी वारा आला. तांडेल म्हणाला, "आता पक्षी बगा. दिवस कलला की पक्षी घराकडं जातात. कुठं जातात ते सांगा."

मी बघत बसलो. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत बघत बसलो. ऊन तांबूस झालं तेव्हा तीन पक्षी डोक्यावरून गेले, मग दोन, मग आणखी चार. सगळे एकाच बाजूला. आमच्या वाटेच्या बरेच डावीकडे. मी हात लांब करून बोट दाखवलं. तांडेलनं माझं मनगट धरलं, खांद्यापासून बोटापर्यंत हात चाचपला आणि दिशा घेतली.

"नक्की?"

"नक्की," मी म्हणालो. गलबतावर माझ्यासकट आठ माणसं होती. ती सगळी माझ्या बोटाच्या टोकाला लटकल्यासारखं मला वाटलं.

मान वर केली तर वखारवाला समोर उभा. त्यानं ते हात चाचपणं पाहिलं होतं. तो काय ते एका क्षणात समजला.

"तुला माहीत होतं?"

मी होकारार्थी मान हलवली.

"किती दिवस?"

"तीन."

"आठ माणसं आहेत रे इथे," तो म्हणाला. आवाज चढवला नाही त्यानं. ते जास्त लागलं. मग तो सुकाणूवरच्या खलाशाकडे वळला. "तुमचा तांडेल आंधळा झालाय, माहीत आहे तुम्हाला?"

खलाशी सुकाणू सोडून उठला नाही. म्हणाला, "ठावं हाय. आमा चौघांना बी ठावं हाय."

तांडेलनं मान खाली घातली. दोन वर्षं तो त्यांच्यापासून लपवत होता आणि ते त्याच्यापासून. खलाशी पुढे म्हणाला, "आमी बेटं कदी बगितली नायत, शेट. खुणा त्यांनाच ठावं. पाव्हन्यांचं डोळं आन त्यांचं डोसकं, दोनी मिळून जायाचं. दुसरा विलाज काय हाय?"

वखारवाला कंपाउंडरजवळ जाऊन बसला. गलबताचं तोंड डावीकडे वळलं. अंधार पडल्यावर शिडं उतरवून ठेवली, नाहीतर बेटाभोवतीच्या खडकावर न दिसता आपटलो असतो.

सकाळी तांडेलनं विचारलं, "ढगाच्या पोटाला रंग कसला?"

क्षितिजावर पाच-सहा ढग होते. सगळे पांढरे, खालून करडे. त्यातल्या एकाच ढगाच्या तळाला मला फिकट हिरवी झाक वाटली. मी डोळे चोळले, दुसरीकडे पाहिलं, पुन्हा पाहिलं. हिरवंच होतं.

"उथळ पान्याचा रंग वर उमटतो," तांडेल म्हणाला. "तिकडं चला."

तास-दीड तास मी डोलकाठीला मिठी मारून उभा होतो. माझंच मन मला फसवत असेल तर, हा एकच विचार डोक्यात होता. मग पाण्यातून बारीक काड्या वर आल्यासारखं दिसलं. काड्यांचे माड झाले, माडांखाली पांढरी वाळू आली. कंपाउंडर ओरडून नाचू लागला. मी मात्र खाली बसलो.

तांडेलनं आत शिरायची घाई केली नाही. खडकाच्या कुंपणाबाहेर थांबून निशाण वर चढवलं. बेटावरची माणसं होडी घेऊन आली आणि त्यांनीच वाट दाखवत आम्हाला आतल्या हिरव्या पाण्यात नेलं. त्यांनी शहाळी दिली, मासे भाजून घातले. आम्हाला त्यांची भाषा येत नव्हती, त्यांना आमची. चार दिवस आम्ही तिथे राहिलो. इतकं सुंदर ठिकाण मी नंतर पाहिलं नाही, आणि तिथे असताना परतीच्या पाण्याखेरीज मला काही सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी कंपाउंडरनं तांडेलला उन्हात बसवून त्याच्या पापण्या वर केल्या. बराच वेळ बघून म्हणाला, "मामा, हा मोतीबिंदू आहे. पिकलाय. काढता येतो."

"माझ्या बापाचा कुनी काढला नाय."

"त्यांना कुणी सांगितलं नसेल."

त्या दिवशी तांडेल जेवला नाही, वाळूत एकटा बसून होता.

परतताना अडचण आली नाही. पूर्वेला जायचं, समोर सगळा किनाराच आडवा पडलेला. मंगळूरला कौलं भरली आणि शिमग्याच्या आधी आम्ही बाणकोटला लागलो. वखारवाला वाटेत माझ्याशी कामापुरतं बोलला. महाडला आल्यावरही पाच-सहा महिने त्यानं मला घरी बोलावलं नाही. त्याचं चुकलं असं मला म्हणता येत नाही. माझं चुकलं का, याचा विचार मी कितीदा तरी केला आणि दर वेळी वेगळ्या उत्तरापाशी थांबलो. पण तांडेलला मुंबईच्या दवाखान्यात नेलं ते त्यानंच. मला हे कंपाउंडरकडून कळलं.

पुढच्या वर्षी एका सकाळी तांडेल वकिलांच्या कचेरीच्या पायऱ्या चढून आला. डोळ्यांवर बाटलीच्या बुडासारख्या जाड काचा. एका डोळ्यानं चांगलं दिसत होतं, दुसरा गेला होता. माझ्यासमोर उभा राहून त्यानं मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"तुमी उंच असाल असं वाटलं होतं," तो म्हणाला.

गलबत त्याला परत मिळालं नाही, त्यानंही मागितलं नाही. बाणकोटच्या खाडीत तो माणसं पलीकडे नेणारी तर चालवू लागला. वकिलांच्या कामासाठी एकदा मला त्या तरीतून पलीकडे जावं लागलं. पलीकडचा काठ, त्यावरची घरं, धुणं वाळत घालणारी बाई, सगळं स्पष्ट दिसत होतं. तरी पाय जमिनीला लागेपर्यंत मी तरीची कड दोन्ही हातांनी घट्ट धरून बसलो होतो.