आधी विणकर, मग यंत्रमाग

आमच्या घरात प्रश्न आईला पडतात आणि उत्तरं शोधायचं काम माझ्याकडे येतं. भेंडी चिरता चिरता ती मध्येच थांबते आणि विचारते, "मांजर कसंही पडलं तरी पायांवरच कसं गं उतरतं?" मग मी मोबाइलवर ज्ञानकोश उघडते. जगभरातली माणसं मिळून लिहितात आणि कुणीही दुरुस्ती करू शकतं, तो. मांजराच्या पडण्यावर तिथे खरोखरच लेख आहे. तो आईला वाचून दाखवता दाखवता मी कानातल्या तोल सांभाळणाऱ्या नळ्यांकडे वळते, तिथून घाटात गाडी का लागते याकडे आणि तिथून थेट अंतराळवीरांकडे. तोवर भेंडी फोडणीला पडलेली असते. "एवढं पुरे," आई म्हणते.

या भटकंतीमुळे बी.ए.च्या शेवटच्या वर्षी इतिहासाचा प्रकल्प समोर आला तेव्हा मला धास्ती वाटली नाही. विषय मीच निवडला, मालेगावचे यंत्रमाग. आत्याचं सासर तिथलं. तिच्या गल्लीत शिरलं की मागांचा खडखडाट सुरू होतो आणि घरात बोलताना आवाज आपोआप चढतो. हे सगळं कसं सुरू झालं ते मला हवं होतं.

मार्गदर्शक मॅडमनी पहिल्याच दिवशी बजावलं. "त्या ज्ञानकोशाचं नाव संदर्भसूचीत दिसलं तर प्रकल्प परत मिळेल."

"मग वाचायचाही नाही का?" मी विचारलं.

"वाच की. मीही वाचते. पण तिथे मुक्काम करायचा नाही. खालच्या तळटिपा धरून पुढे जायचं."

मी तसंच केलं. मराठी लेखात एक वाक्य होतं, की यंत्रमाग सुरू झाल्यावर बाहेरून विणकर मालेगावात येऊन राहिले. त्याखाली एका जुन्या इंग्रजी पुस्तकाचा संदर्भ होता. वर्गातल्या आणखी दोघींनी ते वाक्य जसंच्या तसं उतरवून घेतलं होतं. मला मात्र पुस्तकच पाहायचं होतं. ते आमच्या शहरातल्या एका ग्रंथालयात, कुलूपबंद कपाटात निघालं. ग्रंथपालबाईंनी धूळ झटकून ते माझ्यापुढे ठेवलं आणि म्हणाल्या, "घरी नेता येणार नाही, इथेच बसून वाच."

वाचलं, तर तिथे उलटंच होतं. विणकर आधी आले होते. ते हातमागावर विणायचे, त्यांची वस्ती वाढली, बाजार जमला आणि पुष्कळ काळाने, वीज आल्यावर, यंत्रमाग आले. म्हणजे यंत्रांनी माणसं ओढून आणली नव्हती. माणसांचा हात कापडावर बसलेला होता म्हणून यंत्रं तिथे टिकली. माझ्या प्रकल्पाची सगळी मांडणीच यावर उभी राहणार होती. मी ते पान तीनदा वाचलं आणि त्याचा फोटो काढला.

तिथेच बसून मी ज्ञानकोशातलं वाक्य बदललं. फार बरं वाटलं. घरी पोहोचेपर्यंत कुणीतरी माझा बदल पुसून जुनं वाक्य परत आणलं होतं. शेजारी शेरा होता, 'संदर्भाशी ताडून न पाहता केलेला बदल.' माझं डोकंच फिरलं. ताडून पाहिलं होतं ते मीच.

चिडून पुन्हा बदल करण्याऐवजी मी त्या लेखाच्या चर्चापानावर लिहिलं. पुस्तकातला पूर्ण उतारा दिला, पान क्रमांक दिला आणि बदल पुसणाऱ्याला नम्रपणे विचारलं, "आपण हे पुस्तक पाहिलं आहे का?"

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. "नाही. मी इंग्रजी लेखावरून भाषांतर केलं होतं, त्यात आधी आणि नंतर यांची अदलाबदल माझ्याच हातून झाली. आपलं बरोबर आहे. वाक्य दुरुस्त केलं. याच पुस्तकाच्या आधाराने लेखात आणखी दोन वाक्यं आहेत. पुस्तक आपल्या हाताशी आहे, तर तीही तपासाल का?"

मला शाबासकी हवी होती आणि मिळालं काम. पण इतका सरळ माणूस मी ऑनलाइन क्वचितच पाहिला होता. तो कोण, कुठला, मला आजही माहीत नाही. ती दोन वाक्यं मी पुन्हा ग्रंथालयात जाऊन तपासली. दोन्ही बरोबर होती, आणि तसं कळवलं.

तोंडी परीक्षेला बाहेरगावचे परीक्षक आले होते. माझा प्रकल्प चाळत ते म्हणाले, "विणकर आधी, असं तुम्ही लिहिलंय. मी तर नेमकं उलट वाचलंय."

"कुठे, सर?"

ते जरा घुटमळले. "नेटवर. ज्ञानकोशातच बहुतेक."

"आधी तसंच होतं, सर. आता दुरुस्त झालंय." मी पुस्तकाच्या पानाची प्रत त्यांच्यापुढे सरकवली.

त्यांनी प्रत वाचली, मग खिशातून मोबाइल काढून तो लेखही वाचला. मॅडम खिडकीबाहेर बघत होत्या, पण हसू दाबताहेत हे मला दिसत होतं. "दुरुस्ती कुणी केली?" परीक्षकांनी विचारलं. "आम्ही दोघांनी मिळून," मी सांगितलं, "आणि दुसऱ्या माणसाचं नाव मला ठाऊक नाही." यानंतर त्यांनी जे प्रश्न विचारले ते परीक्षकाचे नव्हते. हातमागाचं कापड कुठे जायचं, वीज आल्यावर कुणाचं काम गेलं, असं त्यांना स्वतःलाच जाणून घ्यायचं होतं. काही प्रश्नांना मी सरळ "माहीत नाही" म्हणाले. प्रकल्पात मला वर्गात सर्वांत जास्त गुण मिळाले.

आता मी एम.ए. करते आहे. मॅडमनी यंदा मला बी.ए.च्या मुलींपुढे उभं केलं, तळटिपा कशा वाचायच्या ते दाखवायला. तास संपल्यावर घोटीकडची एक मुलगी थांबली. "आमच्या गावाचं पान हाय तिथं," ती म्हणाली, "पण नुसतं तालुका न् जिल्हा. बाकी कायच नाय. भाताचं नाय, बाजाराचं नाय."

"मग लिही ना तू."

"मी लिहिलं तर चालंल?"

"पुरावा दाखवलास तर नक्की चालेल."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी ग्रंथालयात गेलो.