विलासभाऊंची तीन वर्षांची टीम

विलासभाऊ गेल्याचं त्यांच्या पत्नी नंदाताईंनी फोनवर सांगितलं तेव्हा मी ऑफिसच्या पार्किंगमध्ये गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडत होते. "सकाळी गेले. कुणाकुणाला कळवायचं ते तू बघ," एवढंच त्या म्हणाल्या. मी गाडीत बसले, हातमोजे काढले आणि ग्रोसरीच्या पावतीमागे नावं लिहायला लागले. रडण्याआधी यादी केली. भाऊ हसले असते. ते मला 'यादीबाई'च म्हणत.

भाऊ मूळचे नागपूरचे. कॅनडात विनिपेगमध्ये रस्त्यांच्या खात्यात इंजिनिअर, आंबेडकरी मंडळाचे जुने कार्यकर्ते आणि आमच्या हौशी बेसबॉल टीमचे मॅनेजर. टीममध्ये बायका-पुरुष दोन्ही, बहुतेक मराठी, निम्मे क्रिकेटमधून आलेले. मी खेळत नाही; स्कोअर लिहिते, ग्राउंड बुक करते, सगळ्यांना मेल पाठवते. मागच्या उन्हाळ्यात आम्ही लीगमध्ये तळाला गेलो. त्यात चौघे नोकरीसाठी एडमंटनला गेले आणि दोघांचे गुडघे गेले. सप्टेंबरात भाऊंनी मला सांगितलं की आता डागडुजी पुरे, पाया खणायचा. तीन वर्षं लागतील. पहिल्या वर्षी हरायचं, दुसऱ्या वर्षी थोडं कमी हरायचं... तिसऱ्या वर्षाचं मी विचारलं, तर म्हणाले, तेव्हा बघू.

त्यांची माणसं शोधायची पद्धत मला आधी पटत नव्हती. मंडळाचा कार्यक्रम संपला की भाऊ दाराशी उभे राहून बघत, कोण न सांगता खुर्च्या रचतंय. नील त्यांना तिथेच मिळाला. मग शाळेच्या जिममध्ये सराव. बेसबॉलमध्ये चेंडू मारला की बॅट तिथेच टाकून पळायचं असतं. क्रिकेटवाल्यांना ते काही केल्या जमत नाही, बॅट काखोटीला मारून ते पहिल्या बेसकडे धावतात. मी कोणाचा फटका किती लांब गेला ते लिहायचे. भाऊ म्हणायचे, "लांब मारणारे लय आहेत, यादीबाई. सांगितलेलं दुसऱ्या दिवशी ध्यानात ठेवणारा कोण, ते लिहा." तसं बघितलं तर यादीत पहिली आली प्राची. विद्यापीठात शिकणारी, दोन बस बदलून, उणे तीसमध्ये, एकही सराव न चुकवणारी. फटके मात्र जेमतेम.

नोव्हेंबरात भाऊंचं दुखणं कळलं. डॉक्टरांनी लपवलं नाही आणि भाऊंनीही आमच्यापासून लपवून ठेवलं नाही. उन्हाळा बघतील की नाही, प्रश्न होता. त्याच सुमारास दुसरी एक टीम मोडली आणि तिथले दोन तयार फलंदाज आमच्याकडे यायला राजी झाले. चाळिशीचे, दणदणीत मारणारे. अट एकच, प्रत्येक मॅचला दोघं मैदानात हवेत. लीगच्या यादीत जागा मात्र पंधराच. भाऊ नाही म्हणाले होते. मी त्यांना पुन्हा न विचारता हो म्हणून टाकलं.

जानेवारीत ते सोफ्यावर पडून होते. मला यादी वाचायला सांगितली. ती दोन नावं आली तसे म्हणाले, "हे कोणी टाकले?" मी सगळं सांगितलं. एक तरी सीझन जिंकू, तुम्ही असाल तोवर.

"म्हणजे माझ्यासाठी. अन् काढलं कोणाला?"

"प्राची आणि नीलला."

त्यांनी माझा फोन माझ्याकडे सरकवला. "मग लावा. ज्यानं नाव खोडलं त्यानंच सांगायचं. माझ्यासमोर सांगा."

प्राचीचा नंबर काढला. बोट पुढे जाईना. भाऊ हळूच म्हणाले, "मी तर चाललो, यादीबाई. टीम काहून पाठवता माझ्यासंगं?"

मी त्या फलंदाजांची नावं तिथेच खोडली. त्या दोघांना कळवायचं मात्र राहून गेलं, आणि फेब्रुवारीत भाऊ गेले.

शोकसभेनंतर हॉलच्या किचनमध्ये चहा घेताना टीमनं ठरवून टाकलं: त्या दोघांना घ्यायचं आणि हा सीझन भाऊंसाठी जिंकायचा. सगळी चांगली माणसं. माझ्या मनात हेच नव्हतं का? लीगला यादी शुक्रवारी द्यायची होती. मी सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि म्हटलं, ठीक आहे, प्राची-नीलला फोन कोण करणार? कोणीतरी म्हणालं, "वैशाली, बी प्रॅक्टिकल." मी म्हटलं, प्रॅक्टिकलच आहे, फोन कोण करणार तेवढंच विचारते. कप सिंकमध्ये गेले, विषय संपला. दुसऱ्या दिवशी मी त्या दोन फलंदाजांना नकार कळवला. त्यातला एक म्हणाला, या वर्षी तुम्हाला सगळे धुऊन काढतील. मी म्हटलं, हो, या वर्षी काढतील.

एक नाव उरलं होतं. मॅनेजरच्या रकान्यात अजून भाऊच होते. मी नंदाताईंना फोन लावला. "ताई, भाऊंचं नाव काढतेय."

"कोणाचं टाकतेस?"

"माझं."

"तुला खेळता येतं का गं?"

"नाही."

"त्यांना तरी कुठं येत होतं," त्या म्हणाल्या. "उद्या ये, बेसमेंटमधल्या टीमच्या बॅगा ने. मला कपडे वाळत घालायला जागा नाही."

दुसऱ्या दिवशी मी गेले. बॅगा गाडीत टाकल्या. बॅगा होत्या तिथे, मागच्या भिंतीवर तीन कागद टेपनं चिकटवलेले होते. पहिल्यावर यंदाची नावं, प्राची आणि नील धरून. दुसऱ्यावर पुढच्या वर्षाची सहा-सात. तिसऱ्यावर भाऊंच्या ठसठशीत अक्षरात वर्ष, खाली एकाखाली एक, एक ते पंधरा आकडे, आणि प्रत्येकापुढे रिकामी जागा. नंदाताई दोरी बांधायला खिळा शोधत होत्या. मी म्हटलं, ताई, दोरी जरा अलीकडे बांधू या, एवढी भिंत मला लागणार आहे. त्यांनी कागदाकडे बघितलं आणि खिळा हातभर डावीकडे ठोकला.