कासवानं काढलेलं घर

नामांतराच्या दंगलीत गावातलं आमचं घर जाळलं, तेव्हा दादा कॉलेजात होता. आम्ही परभणीला आलो. बाबांची कारकुनी चालू राहिली, दादाचं सगळंच थांबलं. वर्षं गेली, तरी तो खोलीबाहेर पडेना, बोलणंही तुटक. येणारे-जाणारे म्हणत, पोरगं वाया गेलं. त्यांच्या बापाचं काय जात होतं!

कॉम्प्युटर शिकला तर घरबसल्या काही करील, या आशेवर बाबांनी टीव्हीला जोडायचा एक जुना कॉम्प्युटर आणला. त्याला हुकूम सोडायची भाषा कॅसेटवर वेगळी मिळे. टेपरेकॉर्डर लावून ती मशीनमध्ये भरायची; कानाला ती नुसती किरकिर वाटे. दुकानदारानं दोन पाकिटं पुढं टाकली.

"बेसिक न्या साहेब, नौकरीला कामी येईल. हे लोगो लेकरांचं हाय. पडद्यावर कासव चालवायचं, ते रेघा वढतं."

"चुकलं तर?"

"बेसिक चूक दाखवून थांबतं. कासवाचं काय, जाईल वाकडं."

"मग कासवच द्या," बाबा म्हणाले. "त्याला चुकला म्हणणारे लय झालेत."

दादा खरंच रमला. कासवाकडून त्यानं घर काढून घेतलं. भिंती, छप्पर, कौलं. लाइट गेली की सगळं पुसलं जाई, म्हणून घर त्यानं त्याच कॅसेटवर उतरवून ठेवलं. "उद्या दार करतो," तो आपणहून आईला म्हणाला. आई चुलीपुढं बसून रडली.

जयंती जवळ आली. भीमगीतं भरून घ्यायला आमच्या वस्तीत घरोघरच्या जुन्या कॅसेटी गोळा करायची रीत होती. आमच्यातच राहणाऱ्या काकूनं दादाची कॅसेट लावून पाहिली. नुसती कर्कश किरकिर. खराब झालेली समजून तिनं ती देऊन टाकली.

जयंतीच्या सकाळी चौकातल्या कर्ण्यावर गाणं संपलं आणि उरलेल्या फितीवरची किरकिर सुरू झाली. लोकांनी कान झाकले. इतक्या वर्षांत उंबरा न ओलांडलेला दादा अनवाणी धावत सुटला.

"बंद करू नका! माझं घर हाय ते!"

कुणीतरी बटण दाबलं. आमच्याच गावाहून आलेल्या एका म्हाताऱ्यानं त्याला पोटाशी धरलं.

"ते घर कवाच जळालं, लेकरा."

गाण्याखाली कासव पुसलं गेलं होतं; त्याच्याशिवाय फितीवर उरलेलं घर पडद्यावर येणार नव्हतं. घरी येऊन त्यानं टीव्हीची वायर काढली, नीट गुंडाळून बाबांच्या हातात दिली आणि खोलीत गेला.