देवीच्या माळेतला रानतेरडा

खंडोजीमामाला आपल्या घराण्याचा भारी गर्व. गर्व करावा असं दुसरं काही त्याच्याजवळ नव्हतंच. ‘चारशे वर्षांपूर्वी बेंगळुरात आलो, पण आमच्यात कधी भेसळ झाली नाही,’ हे तो भेटेल त्याला ऐकवायचा. ऐकवताना निम्मे शब्द कानडी असायचे, ते त्याच्या गावीही नसायचं.

कचेरीतून निवृत्त झाल्यावर बसवनगुडीतल्या घरात बसून तो सगळ्यांचं डोकं खाऊ लागला. त्याची मुलगी दिव्यश्री कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते. तिथल्याच वेणुगोपालशी लग्न करायचं तिनं ठरवलं होतं. मुलगा कानडी, म्हणून मामाचा नकार. पण नकाराचीही जबाबदारी स्वतः घ्यायची हिंमत नव्हती. मग नवरात्रात देवीला कौल लावायचं ठरलं.

त्या पावसाळ्यात देवनहळ्ळीकडच्या एका ओढ्यावरून त्यानं रानतेरड्याचं रोप आणलं होतं. ओढ्याच्या काठी एक गुलाबी तेरडा होता, एक पांढरा. हे रोप मात्र दोघांहून निराळं, फिकट जांभळ्या फुलांचं, आत लाल ठिपके. “आमच्या कुळासारखं. कुणात न मिसळलेलं,” म्हणे! देवीच्या माळेत रोज त्याचीच फुलं.

अष्टमीला नातलग जमले. मामानं त्याच झाडाची दोन फुलं ओली करून देवीच्या दोन्ही खांद्यांना चिकटवली. उजवं आधी पडलं तर होकार, डावं पडलं तर नकार. पंखा डोक्यावर गरगरत होता. तो बंद करायचं या शहाण्याला सुचलं नाही. डावं पडलं.

“सरी, झालं!” मामा अर्ध्या कानडीत फुशारला. “देवीला भेसळ चालत नाही.”

“अप्पा,” दिव्यश्री म्हणाली, “हे झाडच त्या गुलाबीचं आणि पांढऱ्याचं लेकरू आहे. जवळच्या जाती एका ओढ्यावर फुलल्या, मधमाशीनं एकीचा पराग दुसरीवर नेला. रानात होतं असं. आठ दिवस तुम्ही देवीला तेच घालताय, आणि तिनं मुकाट्यानं घालून घेतलंय.”

मामाची म्हातारी महानंदाआत्या फसकन हसली. मामा तरातरा गॅलरीत गेला आणि त्यानं झाड मुठीत धरून उपटलं. पिकलेली बोंडं हात लागताच तडतडली. बिया सगळ्या कुंड्यांत उडाल्या, तुळशीतसुद्धा. तेव्हा हा कुलवंत गृहस्थ गुडघे टेकून तुळशीच्या मातीतल्या बिया वेचत बसला. मला त्याची दया आली नाही. दिव्यश्री त्याच्या शेजारून चपला घालून निघून गेली.

लग्न मल्लेश्वरममध्ये झालं. मामा गेला नाही. त्याची वाट कुणी पाहिलीही नाही.

यंदा पावसात तुळशीपासून जास्वंदीपर्यंत सगळ्या कुंड्यांत तेरडा उगवला. गुलाबी, पांढरा, जांभळट, कुठलाच दुसऱ्यासारखा नाही. घटस्थापनेला मामीनं लेक-जावयाला जेवायला बोलावलं आणि परडीभर तीच फुलं तोडून माळ ओवली. मामाला तिनं विचारलंसुद्धा नाही.