लंडनची पेटी आणि मेहकरचा ट्रंककॉल

आता तुमच्यापुढे कशी मांडू ही फजिती? तुम्ही चहा घ्या. मी कप खाली ठेवूनच सांगतो, नाहीतर सांगण्याच्या भरात चहा सांडायचा.

नवं राज्य होऊन दोन-चार वर्षं झाली असतील. मेहकरला आमच्या सोसायटीचं जिनिंग होतं, कापसातून सरकी काढायचं, आणि त्याचं इंजिन विलायती. काही मोडलं की लंडनच्या अडत्याला कळवायचं. तो निरनिराळ्या कारखान्यांतून माल गोळा करून बोटीनं मुंबईला पाठवी. पण कसा? चाक आज, त्याचा दांडा दिवाळीनंतर! दोन्ही हाती पडेपर्यंत हंगाम संपलेला.

मी गावच्या शाळेत शिकवायचो; अर्थशास्त्राचा एम.ए., वर परदेशी व्यापारावर प्रबंध लिहिलेला. म्हणजे बोट कधी पाहिली नव्हती, पण बोटीबद्दल मत होतं. सोसायटीचे अध्यक्ष गणपतराव यांनी मला विचारलं आणि मी उपाय काढला. जिनिंगचे सुटे भाग, जानेफळच्या भाजीवाल्या शेतकऱ्यांच्या फवारणी पंपांचे नोझल, उंद्रीच्या ऑइल इंजिनांचं सामान, सगळं एकाच पेटीत. आणि अडत्याला सक्त ताकीद: आपल्या पंगतीत शेवटच्या पानावर वाढून झाल्याशिवाय कोणी घास उचलत नाही, तसं शेवटची वस्तू आल्याशिवाय पेटीला झाकण लावायचं नाही.

टाळ्या पडल्या हो. मीच घाबरलो. माझ्या कल्पनेला टाळ्या पडल्या की मला नेहमी धडकी भरते.

कापूस आला. पेटी आली नाही. जिनिंग बंद, आणि भरलेल्या गाड्यांची रांग फाटकापासून पार रस्त्यावर. मी गल्लीबोळांतून जाऊ लागलो. तिथेही एका गाडीवाल्यानं गाठलंच.

"सर, पेटी काऊन येऊन नाही राह्यली? आता तं गाडीतल्या सरकीले कोंब फुटतीन."

शेवटी अडत्याच्या मुंबईच्या एजंटाला पोस्टातल्या फोनवरून ट्रंककॉल लावला. पोस्टात ही गर्दी. एजंट बोलणार इंग्रजीत, म्हणून गणपतरावांनी ठरवलं की सरांनी त्याचं एकेक वाक्य मोठ्यानं मराठीत सांगायचं, कोणापासून काही लपायला नको. मला ते फार लोकशाहीचं वाटलं.

"पेटी अजून लंडनलाच आहे," मी ओरडलो. सगळे हळहळले.

"जिनिंगचे भाग केव्हाचेच भरून ठेवलेत." लोक पुढे सरकले.

"फक्त एका वस्तूसाठी झाकण उघडं ठेवलंय. ती कारखान्यातच संपलीय."

"कोणाची बे थे वस्तू?" मागून कोणीतरी म्हणालं. सगळ्यांनी जानेफळवाल्यांकडे पाहिलं. मीही पाहिलं, जरा कडकच नजरेनं.

मी भाषांतराच्या भरात होतो ना. तो सांगतोय, मी ओरडतोय. "भिंतीवरचा वायुभारमापक. नग एक. मागवणारे..." आणि माझ्याच तोंडून माझंच नाव, पदवीसकट, बाहेर पडलं.

तुम्हाला मघाशी सांगायचं राहूनच गेलं. यादीच्या तळाशी मी माझीही एक बारीकशी वस्तू घातली होती. पेटीत एखादा कोपरा उगाच रिकामा जायला नको, एवढाच विचार.

शिक्के मारणारा कारकूनसुद्धा मान वर करून माझ्याकडे बघायला लागला. मी एजंटाला विनवलं, ती वस्तू रद्द करा, झाकण ठोका, पहिल्या बोटीनं पेटी धाडा. घाबरून हे सगळं आधी मराठीतच बोललो, मग इंग्रजीत. तो बरं म्हणाला. फोन ठेवला, तरी माझा हात काही फोनवरून सुटेना.

गणपतरावांनी शांतपणे विचारलं, "सर, त्या यंत्रानं होते काय?"

"वादळ येणार असलं की आधी कळतं," मी पुटपुटलो.

त्यांनी पोस्टाच्या दारातून गाडीवाल्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"यंत्र नाही आलं, तं मी सांगतो. वादळ दारात हाये. तुमी मागच्या दारानं निघा."

मी निघालो. मागच्या दाराशी जानेफळवाले आधीच येऊन उभे होते.