अक्कांनी बाद केलेली काच

पेशंटच्या शरीरातून तपासणीसाठी काढलेल्या तुकड्याची बाटली आली की अक्का कागद वाचायच्या आधी झाकण उघडून वास घ्यायच्या. "कागद खोटं बोलस, वास नही," म्हणायच्या. तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. आमचे जेवणाचे डबेसुद्धा या परीक्षेतून सुटायचे नाहीत. माझी वांग्याची भाजी त्यांनी दोनदा नापास केली होती.

धुळ्याच्या त्या लॅबमध्ये मी रिपोर्ट टाइप करायचो. तुकड्यांचे पातळ काप करून काचेवर रंगवणं अक्कांचं काम.

एकदा शेजारच्या गावातली एक बाई नवऱ्याच्या गालाच्या आतल्या जखमेचा तुकडा घेऊन आली. अक्कांनी झाकण उघडलं आणि तोंड फिरवलं. तुकडा टिकावा म्हणून भरतात त्या औषधाचा नाही, सडल्याचा शिसारी आणणारा वास होता.

"औषध कुठे शे यामधलं?"

"फेकी दिनं, अक्का. एसटीमा वास मारे. मंग साधं पानी भरं."

पेशी ओळखू येईनात, म्हणून आमच्या लॅबच्या डॉक्टरांनी प्रथिनाची चाचणी सांगितली. ते प्रथिन असलेल्या पेशी रंगात तपकिरी होतात. त्याच तुकड्यातल्या निरोगी त्वचेनेही तो रंग घ्यायला हवा. नाही घेतला तर चाचणीच बाद. इथे कशालाच रंग चढला नव्हता.

"रंग नाही ना? मग कॅन्सर नाही असं लिहा," डॉक्टर म्हणाले. लॅब त्यांचीच. "पुन्हा तुकडा मागितला तर पेशंट दुसरीकडे जाईल."

"बठ्ठं सडेल शे. प्रथिनच मरी गयं, रंग कशाले चढी? त्याले दुसरा तुकडा देवाले सांगा."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी टाइप केलं. अक्कांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू त्या बाटलीत मीच होतो. मग अ‍ॅप्रन काढून टेबलावर ठेवला आणि निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी बाई रिपोर्ट न्यायला आली. मी वाचून दाखवला. ती रडायलाच लागली आणि धावत जाऊन पेढे घेऊन आली. "ल्या, भाऊ. देव पावना." मी पेढा खाल्ला. स्वतःची इतकी किळस मला कधी आली नव्हती, तरी दुसराही घेतला.

आठवड्याने अक्कांचा भुसावळहून फोन आला. तिथे त्यांना नोकरी लागली होती.

"तू सांगं का रे त्यासले, दुसरा तुकडा देवाले?"

"हो, अक्का."

"चांगलं करं, भाऊ," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज एकदम मऊ झाला होता.

फोन ठेवला. त्या माणसाचा नंबर फॉर्मवर होता. मी तो लावला नाही.