क्रॉकरबाईंच्या चाकावर एक कुंभार

सोमवारी माझा अमेरिकन सिटिझनशिपचा इंटरव्ह्यू होता आणि फॉर्ममध्ये मी आडनाव बदलून मागितलं होतं. कुंभारचं शिरगावकर. पुण्यात कॉलेजात आडनाव सांगितलं की पुढचा प्रश्न जातीचाच यायचा, आणि इथे मराठी मंडळी आपापला पदार्थ घेऊन जमतात त्या पॉटलकमध्येही तो येतोच. वैताग आला होता यार! आबांना, म्हणजे गावी असलेल्या वडिलांना, हे अजून सांगितलं नव्हतं. माझी मुलगी इरा मात्र भडकली होती. "इट्स माय नेम टू, बाबा!"

तिचा रुसवा काढायला म्हटलं, तू म्हणशील तिथे जाऊ. तिनं मॅसॅच्युसेट्समधलं एक जुन्या काळचं खेडं निवडलं. तिथे लोहार, विणकर त्या काळचे कपडे घालून काम करून दाखवतात. शनिवारी पहाटे घरून, वेस्ट विंडसरहून निघालो, कनेक्टिकटच्या ट्रॅफिकनं सहा तास खाल्ले. तुम्ही कधी गेलात तर आतलं सँडविच महाग आहे, पोळीभाजीचे रोल घेऊन जा. बाकडी भरपूर आहेत.

वाटेत इराची टेप चालू होती, शाळेत शिकलेलं सगळं सांगत होती. पिंपं करणारा कूपर, बाण करणारा फ्लेचर, सगळी धंद्यावरून पडलेली इंग्लिश आडनावं. मी फक्त हं हं करत होतो.

कुंभाराच्या शेडमध्ये पांढऱ्या टोपीतल्या एक आजी चाक फिरवत होत्या. नाव क्रॉकर. क्रॉक म्हणजे मातीचं भांडं, ते घडवणारा क्रॉकर.

"माझे वडील इन्शुरन्स विकायचे," त्या म्हणाल्या. "घरात पिढ्यान्‌पिढ्या कुणी मातीला हात लावला नव्हता. रिटायर झाल्यावर म्हटलं, आपलं नाव काय काम करायचं ते बघावं तरी. तुमचं नाव काय?"

मी चष्मा पुसायला घेतला. इरा म्हणाली, "कुंभार. मीन्स द सेम अ‍ॅज युवर्स."

बाई स्टुलावरून उठल्याच. "मग बसा! दाखवा मला!"

झाली ना पंचाईत! आबांनी मला चाकाजवळ कधी फिरकू दिलं नव्हतं. "तू शीक, माती मी बघतो," म्हणायचे. बसलो, तर गोळा असा भेलकांडला की शर्ट, चष्मा, सगळं माखलं. इरा पोट धरून हसत होती. शेवटी बाईंनी माझे हात धरून एक वाकडा पेला उभा केला आणि खोक्यात घालून दिला.

रात्री मोटेलात राहून रविवारी घरी पोचल्यावर आबांना व्हिडिओ कॉल लावला. आडनावाचं आज सांगून टाकायचंच, असं ठरवलं होतं. आधी पेला दाखवला.

"माती नीट मळली नाहीस," आबा म्हणाले.

मग क्रॉकरबाईंची गोष्ट सांगितली.

"नुसतं नाव आहे म्हणून शिकली?"

"हो."

"शाबास पोरीची!"

सत्तरीच्या बाईला पोरगी! मला हसू आलं आणि रडूही. आडनावाचं सांगणं राहूनच गेलं.

सोमवारी ऑफिसरनं नाव बदलायचं ना म्हणून विचारलं. म्हटलं, कॅन्सल करा.

पॉटलकला तो प्रश्न पुन्हा येईल. येऊ दे. सांगेन, हो, कुंभारच. माती मळायला तेवढं अजून शिकायचं आहे.